पहिल्या फेरीत नाव नाही? यादी अजून सरकते आहे

नीटचा निकाल लागला, पहिली फेरी झाली आणि मुलीला एमबीबीएसची जागा मिळाली नाही, की घरात सन्नाटा पसरतो. दरवर्षी असे अम्मी-अब्बा आम्हा शिक्षकांकडे येतात. आम्ही आधी एवढंच सांगतो : यादी पुढे सरकते.

कशी? सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याची सीईटी सेल भरते, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. वरच्या क्रमांकाची मुलं दोन्हीकडे अर्ज करतात. एकीकडे प्रवेश घेतला, की दुसरीकडची जागा सुटते आणि पुढच्या फेरीत खालच्या क्रमांकाला मिळते.

म्हणून थांबायचं, पण तयारीनं. सीईटी सेलच्या सूचना रोज वाचा. बागवान, मोमीन, अत्तार अशा ओबीसी घरांनी जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअरचे कागद आत्ताच हातात ठेवावेत. मिळालेल्यापेक्षा चांगलं कॉलेज हवं असेल, तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म घाईनं भरू नका. तो भरला, की पुढच्या फेऱ्या बंद.

"डोनेशन द्या, सीट पक्की" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. अधिकृत प्रवेशप्रक्रियेबाहेरचा प्रवेश ग्राह्य धरत नाहीत. अम्मीचे दागिने गेले, तरी सीट हाती लागत नाही.

आणि मुलीला रोज "काय झालं?" विचारू नका. पाहुण्यांना उत्तर तुम्हीच द्या. ७२० पैकी मिळालेले गुण एका दुपारचे असतात. दुआ करा, सब्र ठेवा आणि रात्री तिला पोटभर जेवायला बसवा.