गवताची परीक्षा नुसत्या वजनावर नको

आयर्लंडचा दूधधंदा रायग्रास या गवतावर उभा आहे. तिथे नवे वाण केवळ एकूण उत्पादनावर निवडत नाहीत. वसंतात, उन्हाळ्यात आणि शरदात चारा किती मिळतो, तो किती पचतो, कुरण किती वर्षे टिकते, हे तपासून प्रत्येक गुणाचे पैशांतले मोल ठरवतात. टंचाईच्या दिवसांतला चारा तिथे जास्त मोलाचा धरतात. आपण घ्यायची ती ही पद्धत. रायग्रासचे बी नव्हे. हे गवत थंड हवेचे. उज्जैनच्या नानाखेडा भागात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. 'मक्खन ग्रास' नावाने मिळणारे एकवर्षीय रायग्रास रब्बीत पाण्याखाली चांगल्या कापण्या देते, हे खरे. पण उन्हाळा लागताच ते संपते. तो हंगामी चारा झाला, कायमचे कुरण नव्हे.

माळव्यापासून दख्खनपर्यंतच्या माळरानांचे खरे धन शेडा आणि मारवेल ही गवते. झाशीच्या भारतीय कुरण व चारा संशोधन संस्थेतील दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशाच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले, त्यांतला एक याच दोन गवतांच्या नावाने ओळखला जातो. मारवेल काळ्या जमिनीत रुजते, कोरडा काळ सोसते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. त्याच्या बीतला गर्भ बहुतेक वेळा फलनाविना तयार होतो, म्हणून रोप हुबेहूब आईसारखे निपजते. रायग्रासचे तसे नाही. त्याला परपरागीकरण लागते, त्यामुळे त्याचे वाण म्हणजे मिश्र समूह असतो. मारवेलमध्ये रानातला सरस ठोंब निवडला की त्याचे गुण पुढे टिकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले मारवेल ०६-४०' हा सुधारित वाण दिला आहे.

संकरित नेपिअर कितीतरी जास्त चारा देते, मग मारवेल कशाला, असे कोणी विचारील. बारमाही पाणी असेल तर नेपिअर जरूर लावावे. पण हिरव्या वजनाने फसू नये. समजा एका गवताचे १०० टन निघाले आणि त्यात शुष्क अंश १५ टक्के आहे. दुसऱ्याचे ५० टन निघाले आणि शुष्क अंश ३० टक्के आहे. जनावराच्या पोटात दोन्हींकडून १५ टनच जातात, वाहतूक मात्र पहिल्याची दुप्पट. शिवाय गायरानाला विहीर नसते. तिथे चराई आणि पायदळी तुडवणे सोसून फुटणारे गवतच हवे.

म्हणून वाणांच्या चाचण्या ओलिताच्या वाफ्यांपुरत्या ठेवू नयेत. त्या कोरडवाहू माळावर, प्रत्यक्ष चराईखाली आणि अनेक वर्षे व्हाव्यात. बी घेताना शेतकऱ्यानेही 'टन किती?' एवढ्यावर न थांबता 'मार्चमध्ये किती, आणि तिसऱ्या वर्षी किती?' हे विचारावे.