निलगिरी: चहाच्या मळ्यांमागचा डोंगर

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे पश्चिम घाट आणि पूर्व घाट एकमेकांना मिळतात आणि त्या सांध्यावर निलगिरीचे पठार सुमारे २,००० मीटर उंचीवर पसरले आहे. उदगमंडलम म्हणजेच उटी, कुन्नूर आणि कोटागिरी ही तेथील थंड हवेची ठिकाणे निसर्गरम्य म्हणून प्रसिद्ध असली, तरी पर्यटकांना दिसणारी हिरवाई मुख्यतः गेल्या दोनशे वर्षांत माणसाने घडवलेली आहे.

त्यापूर्वी या पठारावर म्हशी पाळणारे तोडा, शेती करणारे बडगा आणि कारागिरी करणारे कोटा हे समाज राहत होते. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन १८१९ मध्ये येथे आला, त्याने काही वर्षांतच उटीला घर बांधले आणि पुढे हे गाव मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी झाले. महाबळेश्वरही त्याच सुमारास, १८२८-२९ च्या दरम्यान, इंग्रजांचे आरोग्यस्थान बनले. तरीही तेथे निलगिरीसारखे चहाचे मळे पसरले नाहीत, याचे एक मोठे कारण पावसाच्या वाटणीत आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो आणि नंतर जमीन कोरडी होते. चहाच्या झाडाला मात्र वर्षभर ओल लागते. निलगिरीच्या पश्चिम उतारांना जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, तर पूर्व उतारांना ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी वारे पाऊस देतात, म्हणून तेथे पानांची खुडणी बाराही महिने चालू शकते.

मोकळे वाढू दिल्यास चहाचे झाड चांगले उंच होते. छाटणी करून ते कमरेइतके ठेवले जाते, आणि दोन कोवळी पाने व त्यांमधली कळी एवढाच शेंडा खुडला जातो. कारखान्यात ही पाने प्रथम वाऱ्यावर सुकवून मऊ करतात, मग चुरडतात, हवेशी संयोग होऊन ती तांबूस झाली की गरम हवेने वाळवतात. घरोघरी उकळल्या जाणाऱ्या दाणेदार चहाला सीटीसी म्हणतात, कारण त्याची पाने दातेरी रुळांत चिरून, फाडून, गोळीसारखी वळवली जातात. पाने न फाडता नुसती वळून केलेला चहा ऑर्थोडॉक्स या नावाने विकला जातो.

या मळ्यांचा इतिहास स्थलांतरितांचाही आहे. भारत आणि श्रीलंका यांच्यातील १९६४ च्या करारानुसार श्रीलंकेतील मळ्यांवरून जे तमिळ मजूर परत आले, त्यांच्या पुनर्वसनासाठी तमिळनाडू सरकारने १९६८ पासून चहाची लागवड सुरू केली. मोठ्या मळ्यांबरोबरच आज हजारो लहान शेतकरी चहा पिकवतात, आणि स्वतःचा कारखाना नसल्याने पाने विकत घेणाऱ्या कारखान्यांच्या भावावर अवलंबून राहतात.

मळ्यांच्या पलीकडे मूळ निलगिरी अजून शिल्लक आहे. घळींमध्ये दाटलेले बुटके सदाहरित जंगल, ज्याला शोला म्हणतात, आणि त्याभोवतालचे गवताळ माळ पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते ओढ्यांत हळूहळू सोडतात. चहाने, आणि ऑस्ट्रेलियातून आणलेल्या युकॅलिप्टस व वॅटल या झाडांनी यातील बरीच जागा व्यापली. उरलेल्या भागातील मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर हा रानबकऱ्यासारखा दुर्मीळ प्राणी टिकून आहे.

मेट्टुपालयम ते उटी ही ४६ किलोमीटरची रेल्वे कल्लार ते कुन्नूर या तीव्र चढावर रुळांमधील दातेरी पट्टीच्या आधाराने चढते. १९०८ मध्ये ती उटीपर्यंत पोहोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ईशान्य मोसमी पावसात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, तर एप्रिल-मे मध्ये गर्दी इतकी वाढते की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना ई-पास आवश्यक करण्यात आला. त्यामुळे निलगिरीला जाणाऱ्यांनी उन्हाळी सुटी टाळावी, निघण्यापूर्वी पासचे चालू नियम पाहावेत, आणि मळ्यांइतकाच वेळ शोला पाहण्यासाठी राखून ठेवावा.