होडीवरील विद्युत् चलित्र

लहान होडीस मंद व नीरव गती देण्यासाठी तिच्या काठावर बसविण्यात येणारे, घटमालेवर चालणारे पंखायुक्त चलित्र. संथपणे चालणाऱ्या होडीमागून गळ ओढत नेण्याच्या मासेमारीवरून त्यास ‘ट्रोलिंग मोटर’ हे नाव पडले. ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत विद्युत् चलित्रावर होडी चालविली. मासेमारीसाठीचे चलित्र अमेरिकेतील फार्गो येथे १९३४ मध्ये तयार झाले.

द्विधाव पेट्रोल एंजिनातून न जळलेले इंधन व वंगण काही प्रमाणात पाण्यात मिसळते. वाशिम शहरास पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जी जलाशयासारख्या ठिकाणी हा दोष गंभीर ठरतो. विद्युत् चलित्रात तो नसतो.

निवड : होडी, माणसे व सामान यांच्या एकूण वजनाच्या किमान २ टक्के रेटा असावा, असा ठोकताळा आहे. उदा., ५०० किग्रॅ. भारास १० किग्रॅ. रेटा लागतो. उघड्या जलाशयावरील वाऱ्यासाठी तो याहून बराच अधिक घ्यावा.

जोडणी : मागील सपाट फळीवर चलित्र पकडस्क्रूंनी बसविणे सोपे असते. नाळेवर बसविल्यास चलित्र होडीस ढकलण्याऐवजी ओढते, त्यामुळे दिशा अधिक चांगली राखता येते. नाळेवरील बैठक आरपार बोल्टांनी आवळून खालून रुंद पट्टी द्यावी. केवळ लाकडी स्क्रू रेट्याने उपटून येतात. विदर्भातील डोंग्यास मागे सपाट फळी नसल्यास जाड फळी आधी पक्की बसवावी लागते. होडी भारित असता पंखा पूर्णपणे पाण्याखाली राहील इतकी दांड्याची लांबी हवी; तो उघडा पडल्यास हवा ओढतो व रेटा घटतो.

विद्युत् पुरवठा : १२ व्होल्टच्या, सु. २५ किग्रॅ. रेट्याच्या चलित्रास पूर्ण वेगात सु. ५० अँपिअर प्रवाह लागतो. १०० अँपिअर-तासांची शिसे-अम्ल घटमाला हिशेबाने दोन तास पुरते. परंतु ती निम्म्याहून अधिक रिती केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून पूर्ण वेगाचा एकच तास धरावा व परतीचा प्रवास त्यातच मोजावा. तारा जाड तांब्याच्या असाव्यात. धन तारेवर घटमालेलगत वितळतार किंवा परिपथ खंडक बसवावा. भारण होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून घटमालेची पेटी हवेशीर ठेवावी.

दक्षता : घटमाला जड असल्याने ती तळाशी, चलित्राच्या विरुद्ध टोकाकडे घट्ट बांधावी, अन्यथा होडी एका टोकास झुकून पाणी आत येते. पंख्यामागे गुंतलेली जाळ्याची दोरी मुद्रा कापते व पाणी चलित्रात शिरते; म्हणून फेरीनंतर पंखा काढून पाहावा. पाणवनस्पती काढण्यापूर्वी तार सोडवावी. पहिली चाचणी पूर्ण भारासह उथळ पाण्यात घ्यावी. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे आणि वल्ही नेहमी सोबत असावीत. यांत्रिक जलयानांस अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू असून होडी पाण्यात उतरविण्यापूर्वी नोंदणीविषयीची तरतूद व जलाशयाच्या व्यवस्थापनाची परवानगी पाहणे आवश्यक ठरते.