शितावरून भाताची परीक्षा : निवडणूकपूर्व मतचाचणीचे शास्त्र

निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून आकडे झळकू लागतात. अमुक पक्षाला इतके टक्के मते, तमुक पक्षाला इतक्या जागा. कर्नाटक विधानसभेच्या २०२३ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या ५ कोटी ३० लाखांच्या घरात होती. मतचाचणी करणारी संस्था त्यांपैकी काही हजार लोकांनाच भेटते. मग म्हैसूरच्या नैऋत्येस, कपिला नदीच्या काठी वसलेल्या सरगूर येथील एखाद्या मतदाराने ‘आम्हांला तर कोणी विचारलेच नाही, मग आमचे मत यांना कळले कसे?’ असे विचारले, तर त्याचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. त्याला द्यावयाचे उत्तर म्हणजेच मतचाचणीचे शास्त्र होय.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. पातेल्यातील प्रत्येक शीत चेपून पाहण्याची गरज नसते. पण ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट आहे. भात सर्वत्र सारखा शिजलेला असला पाहिजे. तळाचा करपला आणि वरचा कच्चा राहिला, तर केवळ वरचे शीत पाहून केलेला निवाडा फसतो. समाज हा एकसारख्या शिजलेल्या भातासारखा नसतो. म्हणून शिते किती घेतली यापेक्षा ती कोठून घेतली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

संख्येचा भ्रम

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे लँडन यांना सुमारे ५७ टक्के मते मिळून ते विजयी होतील, असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली आणि लँडन यांना केवळ दोन राज्ये जिंकता आली. साप्ताहिकाने पत्ते मिळविले होते ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात गरिबांचे नाव अशा याद्यांत क्वचितच असे. शिवाय ज्यांनी उत्तरे पाठविली, त्यांचा कल न पाठविणाऱ्यांपेक्षा निराळा होता. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी थोड्या लोकांना विचारून विजेत्याचे नाव बरोबर सांगितले.

मात्र गॅलप यांची पद्धतही निर्दोष नव्हती. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके शहरी, इतके ग्रामीण असे वाटे ठरवून दिले जात. पण त्या वाट्यात नेमकी कोणती व्यक्ती घ्यावयाची, हे विचारणारा स्वतःच ठरवी. १९४८ मध्ये प्रमुख संस्थांनी ड्यूई यांचा विजय गृहीत धरला, आणि निवडून आले ट्रूमन. मतदानाच्या बरेच दिवस आधी चाचण्या थांबविल्या गेल्या होत्या, हे एक कारण. निवड माणसाच्या मर्जीवर सोपविली होती, हे दुसरे.

शेतातून आलेली रीत

निवड मर्जीवर सोपवू नये, हा धडा भारताने शेतीच्या मोजणीत गिरविला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी नमुना पद्धतीचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरील त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पीककापणी प्रयोगाची रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. आधी गाव, मग शेत आणि शेवटी शेतातील लहानसा तुकडा, हे सारे यादृच्छिक अंकांवरून, म्हणजे चिठ्ठी उचलावी तसे, ठरते. त्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करतात. तुकडा निवडण्याची मोकळीक मोजणाऱ्याला दिली, तर त्याची नजर नकळत भरघोस कणसांकडे वळेल, आणि साऱ्या तालुक्याचे उत्पन्न कागदावर फुगेल.

मतदारांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. सरगूरच्या भोवतालच्या प्रदेशाचा विचार करू. हा भाग हेग्गडदेवनकोटे विधानसभा मतदारसंघात मोडतो, आणि २००८ पासून हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. एका बाजूस बाजारपेठ आणि कबिनी धरणाच्या पाण्यावरील शेती, तर दुसऱ्या बाजूस बंदीपूर आणि नागरहोळे यांच्या अरण्याच्या कडेला जेनू कुरुब, बेट्ट कुरुब आदी जमातींच्या वस्त्या. या वस्त्यांना तेथे ‘हाडी’ म्हणतात. चाचणी घेणारा तरुण सरगूरच्या बसस्थानकावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, तर सायंकाळपर्यंत त्याची वही भरेल खरी; पण हाडीतील म्हातारी, मजुरीसाठी कोडगूच्या कॉफीमळ्यांत गेलेला गडी आणि घराबाहेर क्वचितच पडणारी सून यांपैकी कोणीही त्या वहीत असणार नाही. दूरध्वनीवरून विचारणा केली, तर ज्याच्याकडे फोन नाही वा जेथे संपर्कच होत नाही, तो वगळला जाईल.

योग्य रीत याहून कष्टाची आहे. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठातील अभ्यासकांनी १९६७ पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांची परंपरा उभी केली. पुढे ‘लोकनीती’ या उपक्रमातून तीच चालविली गेली. पुण्याचे राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर हे त्या उपक्रमाच्या संचालकांपैकी एक. या पद्धतीत प्रथम मतदारसंघ, मग मतदान केंद्रे आणि नंतर त्या केंद्रांच्या मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे निवडतात. ज्याचे नाव निघाले, त्याच्याच घरी जावयाचे; शेजाऱ्याला विचारून वेळ मारून न्यावयाची नाही. प्रश्न त्याला समजेल अशा भाषेत विचारावयाचे. मत कोणाला, हे तोंडाने वदविण्याऐवजी नमुना मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकण्यास सांगतात, म्हणजे भीड आणि भीती या दोन्ही अडचणी कमी होतात.

आकड्यांची मर्यादा

अशा रीतीने निवडलेल्या १,००० मतदारांवरून काढलेली टक्केवारी १०० पैकी सुमारे ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या ३ अंक अलीकडे-पलीकडे पडते. ही चूक निम्मी करावयाची, तर मतदारांची संख्या दुप्पट नव्हे, चौपट करावी लागते. मतदारांची एकूण संख्या १ कोटी असो वा ५ कोटी, हा हिशेब जवळजवळ तसाच राहतो. कारण चव पाहण्यास लागणारी आमटी पळीभरच असते, पातेले लहान असो वा मोठे, फक्त ती नीट ढवळलेली हवी. परंतु ही ३ अंकांची मर्यादा केवळ योगायोगाच्या चुकीची आहे. हाडीच वगळली गेली, तर त्या चुकीला कोणतीही मर्यादा नाही.

चाचणीची सर्वांत कठीण परीक्षा होते ती अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकीत. तेथे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतील मतदारांच्या कौलावरून ठरते. उमेदवार सारे एकाच पक्षाचे असल्याने ‘आमचे घर या पक्षाचे’ ही नेहमीची निष्ठा उपयोगी पडत नाही. अनेक जण शेवटच्या घटकेपर्यंत मन ठरवीत नाहीत. मतदानही मुख्य निवडणुकीपेक्षा कमी होते. त्यामुळे कोण कोणाला मत देईल याबरोबरच मुळात कोण मतदानास जाईल, याचाही अंदाज बांधावा लागतो. २००८ मध्ये ३ जानेवारीला आयोवा राज्यात ओबामा विजयी झाले आणि अवघ्या ५ दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान झाले. तेथील चाचण्यांत ओबामा सरासरीने सुमारे ८ अंकांनी पुढे होते. प्रत्यक्षात हिलरी क्लिंटन यांना सुमारे ३९ टक्के आणि ओबामांना ३६ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. त्याच दिवशीच्या रिपब्लिकन पक्षाच्या निवडणुकीचा अंदाज मात्र बरोबर ठरला होता.

अमेरिकेतील लोकमत-संशोधकांच्या संघटनेने या अपयशाची चौकशी करून २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. चाचण्या वेळेआधी थांबल्या, कमी शिकलेले आणि कामगार संघटनांचे सभासद नमुन्यात कमी आले, आणि ज्यांना गाठण्यास अधिक खटपट करावी लागली त्यांचा ओढा क्लिंटन यांच्याकडे अधिक होता, अशी कारणे त्यात पुढे आली. सत्तर वर्षांत साधने पालटली. पण जो सहज सापडत नाही तोच निसटतो, हा दोष कायम राहिला.

भारतात आणखी एक पायरी चढावी लागते. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणे हे वेगळेच गणित आहे. कर्नाटकातील २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ३८ टक्के आणि भारतीय जनता पक्षाला सुमारे ३६ टक्के मते मिळाली. जागा मात्र काँग्रेसला ७८ आणि भाजपला १०४ मिळाल्या. मते कोठे एकवटली आणि कोठे विखुरली, यावर जागा ठरतात. म्हणून टक्केवारी बरोबर असूनही जागांचा अंदाज कोसळू शकतो.

वाचकाने काय विचारावे

मतदान आटोपून बाहेर पडणाऱ्यांना विचारून केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष सर्व टप्प्यांचे मतदान संपेपर्यंत प्रसिद्ध करण्यास भारतात २०१० पासून कायद्याने बंदी आहे. इतरांचा कौल पाहून मतदाराने आपला कौल बदलू नये, हा त्यामागील हेतू. परंतु कायद्याहून मोठे संरक्षण म्हणजे वाचकाची चौकस बुद्धी होय. चाचणी कोणी केली आणि खर्च कोणी दिला? केव्हा केली? लोक कसे निवडले, यादीतून की रस्त्यावरून? किती जणांनी उत्तर देण्याचे नाकारले? ही माहिती ज्या चाचणीबरोबर छापलेली नाही, तिचा आकडा कितीही ठळक असला तरी तो बाजूस ठेवावा.

सरगूरच्या त्या मतदाराला द्यावयाचे उत्तर आता स्पष्ट होते. चाचणी खरी असेल, तर त्याला विचारले गेले नसले तरी विचारले जाण्याची संधी त्याला म्हैसूर शहरातील कोणाही मतदाराइतकीच होती. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची निघाली, एवढेच. आणि ती संधीच त्याला दिली नसेल, तर त्या चाचणीला राज्याचे मत सांगण्याचा अधिकार नाही. मतपेटीपुढे प्रत्येकाचे मत सारखे मोलाचे असते. चांगल्या मतचाचणीनेही तोच नियम पाळावयाचा असतो.