बोटांखालचे मल्लेश्वरम

छापील नकाशा डोळ्यांसाठी असतो. निळी रेघ म्हणजे नदी, काळी रेघ म्हणजे लोहमार्ग, हे संकेत ज्याला दिसतात त्यालाच ते उपयोगी पडतात. अंध व्यक्तीच्या बोटांना तो कागद सर्वत्र सारखाच गुळगुळीत लागतो. ज्या गल्लीत आयुष्य गेले, तिच्यापासून चौथ्या गल्लीत जायचे असले तरी तिला कोणाला तरी विचारावे लागते. विचारण्यात कमीपणा नाही. परंतु प्रत्येक वेळी विचारावेच लागणे ही निराळी गोष्ट आहे.

या अडचणीवर स्पर्शनकाशा हा उपाय आहे. त्यात रस्ते, पाणी व इमारती उंचवट्यांच्या रूपाने उमटवतात आणि नावे ब्रेल लिपीत देतात. कोलकात्याच्या नॅटमो या केंद्र सरकारच्या नकाशासंस्थेने २०१७ मध्ये भारताचा ब्रेल नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. अशा संग्रहातून देशाची ओळख होते. घरापासून भाजीबाजारापर्यंतची वाट मात्र त्यात सापडत नाही. तिच्यासाठी वस्तीचाच नकाशा लागतो, आणि उपग्रहांमुळे तो आता सामान्य माणसालाही करता येतो.

बंगळुरूतील मल्लेश्वरम हे याचे चांगले उदाहरण ठरेल. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. तेथील काडू मल्लेश्वराच्या देवळाशी छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडलेले असून, त्यांनी दिलेल्या दानाचा उल्लेख १६६९ च्या शिलालेखात आहे. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या पेठांतून लोक येथे राहावयास आले. वस्ती आखीव असल्यामुळे संपिगे रस्ता आणि मार्गोसा रस्ता, म्हणजे चाफ्याचा व कडुनिंबाचा रस्ता, एकमेकांना समांतर जातात आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रस्त्यांना क्रमांक दिलेले आहेत. सहावा, सातवा, आठवा असे मोजत चालता येते. ज्याला पाट्या वाचता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आता उपग्रहांचे काम पाहू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत असतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. या विलंबावरून भ्रमणध्वनी त्या उपग्रहाचे अंतर काढतो. जागा निश्चित करण्यास तीन अंतरे पुरली असती. परंतु भ्रमणध्वनीतील घड्याळ उपग्रहातील आण्विक घड्याळाइतके अचूक नसते, म्हणून ती चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक जमिनीवर ३०० मीटरची होते! नागरी वापराच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. ती पद्धत मे २००० मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून रस्ते नोंदणे शक्य झाले. भारताच्या इस्रो संस्थेनेही २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला २०१६ मध्ये 'नाविक' हे नाव मिळाले.

भ्रमणध्वनी हातात घेऊन रस्त्याने चालले की दर काही क्षणांनी एक बिंदू नोंदला जातो आणि बिंदू जोडले की वाट तयार होते. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची असते. ती फार वाटेल, पण थोडा हिशोब करावा. जमिनीवरचे २ मीटर कागदावर १ मिलिमीटर दाखवायचे ठरवले, तर ३० सेंटीमीटरच्या कागदावर ६०० मीटरचा परिसर मावतो आणि ५ मीटरची चूक अडीच मिलिमीटर भरते. ब्रेलच्या एका अक्षरातील दोन टिंबांमध्ये अंतर असते तेही जवळपास एवढेच. याहून फारशी बारीक वस्तू बोटाला वेगळी कळत नाही. म्हणजे एवढी चूक स्पर्शनकाशाला चालून जाते. दाट झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ मात्र संदेश अडतो वा भिंतीवरून परावर्तित होतो व रेघ वेडीवाकडी होते. अशा ठिकाणी तीच वाट अनेकदा चालून सरासरी काढणे हाच मार्ग.

खरी कसोटी यापुढे लागते. ब्रेलमध्ये 'संपिगे' हा एकच शब्द सुमारे साडेतीन सेंटीमीटर जागा घेतो, म्हणजे आपल्या नकाशावरचा ७० मीटरचा रस्ता झाकून टाकतो. म्हणून नावाऐवजी एकदोन खुणेची अक्षरे देतात व त्यांचा अर्थ वेगळ्या पानावर सांगतात. शिवाय डोळा संपूर्ण चित्र एकदम पाहतो. बोट मात्र तुकड्यातुकड्याने वाचते आणि ते तुकडे मनाला जोडावे लागतात. रेघांची गर्दी झाली की सारेच निरर्थक होते. तेव्हा दुकानांच्या पाट्या वगळाव्यात. रस्ता ओलांडण्याची जागा, बसथांबा, २०१४ मध्ये सुरू झालेले संपिगे रस्त्याचे मेट्रो स्थानक, देऊळ ही ठेवावीत. काय ठेवावे हे डोळस माणसाने एकट्याने ठरवू नये. फुलबाजाराचा वास किंवा देवळाची घंटा ही त्याला दुय्यम वाटणारी खूण अंध पादचाऱ्याला चौकाइतकी महत्त्वाची असू शकते.

रेखाटन तयार झाले की ते विशिष्ट फुगीर कागदावर छापून उष्णता देतात. काळी शाई पडलेला भाग तेवढा वर उठतो. त्रिमितीय मुद्रणयंत्रावर प्लॅस्टिकचा नकाशाही निघतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपन स्ट्रीट मॅप' या सर्वांना खुल्या नकाशात लोकांनी चालून नोंदलेले रस्ते साठत गेले. त्याच माहितीवरून कोणत्याही पत्त्याचा स्पर्शनकाशा तयार करून देणारी 'टच मॅपर' ही सोय आहे.

या तंत्राला कलेचेही अंग आहे. जेरेमी वुड हे ब्रिटिश चित्रकार २००० पासून आपल्या फिरण्याच्या उपग्रहनोंदींतून चित्रे काढत आले आहेत. हीच रेघ कागदावर उठवली की चित्र बोटांचे होते. मल्लेश्वरमच्या आडव्या रस्त्यांवरून वळणे घेत अंध माणूस चालला, तर त्याच्या पावलांनी काढलेले फूल किंवा मासा संध्याकाळी त्याच्याच बोटांखाली येऊ शकतो. एखादे वळण चुकले असेल तर तेही त्याला तेथे सापडेल.