पंचावन्न टनांची फत्ते

सभेत गरजणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरोखरची तोफ कुठं होती, ठाऊक आहे? आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात! १६३२ साली ती तिथून निघाली. वजन सुमारे ५५ टन. ओढायला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं. मुक्काम विजापूर, म्हणजे सरळ रेषेत मोजलं तरी दीडशे किलोमीटरहून लांब, आणि वाटेत भीमा आडवी.

पण आधी ती जन्मली कशी ते पाहू.

साल १५४९, गाव अहमदनगर, राज्य निजामशाहीचं. ओतणारा महंमद रूमी. ऑटोमन तुर्कांच्या मुलखातून दख्खनेत आलेल्या माणसाला तेव्हा रूमी म्हणत. इतक्या लांबचा माणूस इथं कशाला? कारण अजस्र तोफा ओतण्यात तुर्कांचा हात धरणारे फार थोडे होते. १४५३ मध्ये सुलतान मेहमदनं कॉन्स्टँटिनोपलच्या तटापुढं तोफा उभ्या केल्या आणि शहर घेतलं. तेव्हापासून तो ‘फातिह’, म्हणजे जिंकणारा. तुर्कीतलं जिंकण्याचं क्रियापद ‘फेतहेत्मेक’ आणि आपली ‘फत्ते’ही त्याच अरबी मुळातली. त्या वेढ्यातली सर्वांत मोठी तोफ ओढायला ६० बैल लागले, असं त्या काळचे लेखक सांगतात. परंड्याहून निघालेल्या तोफेपुढं ४०० होते!

आता धातूकडे या. तांबं मऊ. कथील त्याहून मऊ. चार भाग तांब्यात साधारण एक भाग कथील वितळवा, आणि दोन मऊ धातूंच्या संगतीतून टणक, खणखणीत कांसं तयार होतं. तळपायाला तेल चोळायची आपल्या घरातली काशाची वाटी आणि ही तोफ, दोघी एकाच जातीच्या. म्हणून तर तोफेवर थाप मारली की ती घंटेसारखी घुमते. मग लोखंड का नाही वापरलं? त्या काळी इथल्या भट्ट्यांत लोखंड पाण्यासारखं पातळ होत नसे. त्याच्या पट्ट्या आणि कड्या तापवून, ठोकून, एकमेकांना जोडूनच तोफ घडवावी लागे. कांसं मात्र हजार अंशांच्या आतच वाहू लागतं. ते ओतता येतं, आणि ओतता आलं की हवा तो आकार देता येतो.

ओतणं हा शब्द किती सोपा वाटतो! अशा तोफांसाठी जमिनीत खड्डा खणत, त्यात मातीचा साचा उभा करत आणि नळीची पोकळी राहावी म्हणून साच्याच्या मधोमध मातीचाच गाभा ठेवत. साच्यात ओल राहिली तर रस पडताच वाफेचा स्फोट. गाभा बोटभर सरकला तर नळी वाकडी. ५५ टन रस एका भट्टीत मावणं कठीण. अनेक भट्ट्या एकाच वेळी पिकायला हव्यात, आणि धार मध्येच तुटली तर तिथं कायमचा सांधा राहणार. हे सगळं ना तापमापक, ना घड्याळ. ज्वाळेचा रंग आणि रसाची झळाळी पाहून.

आणि निघालं काय? चौदा फुटांहून लांब, तोंडाशी जवळपास पाच फूट रुंद, गोळ्याची वाट सव्वादोन फुटांच्या आसपास. म्हणजे धातूची भिंत जवळजवळ हातभर जाड! तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. मला सर्वांत नवल या हत्तीचं वाटतं. इतक्या जोखमीच्या कामातही त्या कारागिराला नक्षीची हौस सुटली नाही.

पुढं ही तोफ परंड्याला आली. किल्ला आदिलशाहीकडे गेल्यावर ती विजापूरला नेली मुरार जगदेवानं. भीमेकाठी होडीच्या साहाय्यानं हत्तीची तुला झाली आणि गावाला तुळापूर नाव पडलं, असं सांगतात. त्या गोष्टीतला मुरारपंत तो हाच. वजनांशी त्याचं काही नातंच असावं! चारशे बैलांनी एका हाकेसरशी जू खेचायचं, नाहीतर दोर तुटणार. काळ्या रानातून वाट. पहिल्या पावसातच चाकं रुतून बसतील. सोबत दुसरी एक तोफ होती, ती नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे.

१६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तोफेवर आपला लेख कोरवला. त्यात एक कोडं आहे. फारसीत प्रत्येक अक्षराला अंक असतो. ‘गिरफ्त’ म्हणजे धरलं, जिंकलं. त्यातला गाफ २०, रे २००, फे ८०, ते ४००. एका क्रियापदाचेच ७०० झाले! याच रीतीनं त्या लेखातलं ‘मैदानाच्या धन्याला’, म्हणजे याच तोफेला, ‘जिंकलं’ अशा अर्थाचं वाक्य रचलंय, आणि त्याच्या अक्षरांची बेरीज येते १०९७, म्हणजे विजयाचं हिजरी साल. वाक्य वाचा, बातमी कळते. बेरीज करा, तारीख कळते.

नंतर कंपनी सरकारचं राज्य आलं. १८२३ च्या सुमारास तोफ विलायतेला पाठवायचा बेत झाला, पण रस्त्यांपुढं त्यांनी हात टेकले. मुरारपंतांच्या बैलांनी जे केलं होतं, ते त्यांना जमेना! १८५४ मध्ये तर निरुपयोगी माल म्हणून ती लिलावात निघाली. बोली आली १५० रुपये. टनाला तीन रुपयेसुद्धा नाहीत. सुदैवानं तिथल्या अधिकाऱ्यांनी वर कळवलं की किंमत अगदीच तुटपुंजी आहे आणि लोक या तोफेला फार मानतात. लिलाव रद्द झाला. म्हणून ती आजही विजापूरच्या बुरुजावर पाहायला मिळते. गेलात तर हत्ती शोधायला विसरू नका, तो सिंहाच्या दातांमध्ये आहे.