गाडी चालू झाली, पण ती थांबेल का?

‘नवी बॅटरी टाका, पाच लिटर पेट्रोल ओता अन् मारा सेल. जुनं लोखंड आहे, त्याला काय होतंय!’ किनवटमध्ये कुणाच्या वाड्यात, गोठ्यात किंवा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं उभी असलेली पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर किंवा जीप बाहेर काढायची म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. इंजिन धडधडलं की नारळ फुटतो आणि गाडी देवदर्शनाला माहूरच्या रस्त्याला लागते. ‘चालू झाली म्हणजे झालं’ हा समज इंजिनाचा घात करतो आणि आत बसलेल्यांच्या जिवावर बेततो. कितीही वेळा सांगा, लोक सेलच्या आवाजापुढे काही ऐकत नाहीत.

आधी इंजिनाचं पाहू. गाडी उभी राहिली की ऑइल सिलिंडरच्या भिंतीवरून निथळून खाली चेंबरमध्ये उतरतं. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते, आणि किनवट-माहूरचा हा सागवानी जंगलपट्टा पावसाळ्यात चांगलाच ओला असतो. पिस्टनच्या रिंगा जिथे टेकून राहिल्या तिथे बोअरला गंज धरतो. त्यावर कोरडाच सेल मारला तर गंजाचे कण बोअर ओरबाडतात, रिंगा तुटतात. व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर पुशरॉड वाकतो. एका मिनिटाच्या उत्साहापायी पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

योग्य रीत संथ आहे. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं. मग हाताने फिरवून बघायचं. जुन्या पद्मिनीला आणि जीपला पुढून हँडल लावायची सोय असते, ती इथे कामाला येते. अडलं तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा वाट. ट्रॅक्टरला टोचन करून गिअरमध्ये ओढलं की इंजिन मोकळं होतं असं सांगणारे भेटतील, त्यांना गाडीजवळ फिरकू देऊ नका. इंजिन मोकळं फिरू लागलं की जुनं ऑइल काढून नवं भरायचं, प्लग बाहेरच ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल द्यायचा. पेट्रोलची पाळी त्यानंतर, आणि तेही टाकी उतरवून धुतल्यावर, कार्बोरेटर खोलून साफ केल्यावर. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर जेटमध्ये बसलेला असतो. त्यावर ताजं पेट्रोल ओतून तो निघत नाही.

एवढं केलं आणि इंजिन घड्याळासारखं चालू लागलं, तरी गाडी रस्त्यावर आणायची नाही. कारण ब्रेक.

‘पेडल कडक लागतंय, म्हणजे ब्रेक चांगले आहेत’ हे त्याच गैरसमजाचं दुसरं तोंड. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की मानकानुसारच तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ऑइलात पाणी याहून जास्त असू शकतं. घाटात उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. अंगणात दगडासारखं लागलेलं पेडल माहूरगडाच्या उतारावर थेट तळाला जातं. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच पाइपलाइन असते. एक वाशर फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हाताशी फक्त हँडब्रेक उरतो, तोही केबल गंजली नसेल तरच.

शिवाय पेडल कडक लागण्याचं कारण व्हील सिलिंडर गंजून जाम होणं हेही असू शकतं. रबरी होज आतून फुगली की दाब चाकापर्यंत जातो, पण परत फिरत नाही. ब्रेक धरून राहतो आणि चाक तापत जातं. म्हणून चारही ड्रम उघडा. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचे वाशर बदला, होज नव्या टाका, लोखंडी पाइप हाताने चाचपून गंज बघा, लाइनरवर ऑइल गळलंय का पाहा. मग नवं ऑइल भरून प्रत्येक चाकाची एअर काढा. कमी पडलं म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आहेत. खनिज तेलाने ते सगळे रबरी वाशर फुगून निकामी होतात. ब्रेकचं काम आधी, इंजिनाचं मागून, हा क्रम मी प्रत्येक मिस्त्रीला आणि प्रत्येक मालकाला हात जोडून सांगतो.

टायरबाबत ‘नक्षी शाबूत आहे’ हे पुरेसं नाही. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी उत्पादनाला दहा वर्षं झाली की टायर बदला, असं मिशेलिनसारखी टायर बनवणारी कंपनी स्वतःच सांगते.

‘गोठ्यात झाकून होती, ऊन-पाऊस लागला नाही.’ गोठ्यात अमोनिया असतो, आणि ओलीसोबत तो ताणाखालच्या पितळेला तडे पाडतो. इंग्रजांच्या काळात तबेल्यांजवळ ठेवलेली लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. त्यामागे अमोनिया असल्याचं १९२१ साली सिद्ध झालं. या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, तेव्हा पाणी भरून भागत नाही, दाब देऊन तपासून घ्या.

दर आठवड्याला दहा मिनिटं जागेवर चालू ठेवल्याने गाडी टिकत नाही. ऑइल पुरेसं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने गाडी पेटते वगैरे खोटं आहे. मात्र जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज त्याने घटतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे: इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींत २० टक्के मिश्रणाने सुमारे ६ ते ७ टक्के. फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मात्र नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या टाका.

राहिला कायदा. ‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारच’ ही समजूत दिल्लीच्या बंदीवरून आणि मुंबईच्या टॅक्सीवरून आली. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, कारण तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. १५ वर्षांनंतर भंगारात काढायची सक्ती सरकारी गाड्यांना आहे. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१ नुसार १५ वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये आहे, शिवाय उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये. म्हणून रंगावर पैसा घालण्याआधी थकबाकी किती निघते ते परिवहन कार्यालयात विचारून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ नोंदणी मिळते, २०,००० रुपयांत आणि दहा वर्षांसाठी. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली अशाच कामांसाठी, रोज बाजाराला न्यायला नाही. आदिलाबाद पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली असेल तर तिकडचं ना-हरकत प्रमाणपत्र आणून इकडचा क्रमांक घ्यावाच लागतो.

नांदेडला तपासणीसाठी नेताना नोंदणी आणि विमा दोन्ही संपलेले असतील, तर गाडी ट्रकवर चढवून न्या. शंभर किलोमीटरहून लांबच्या त्या रस्त्यावर विम्याशिवाय कुणाला धक्का लागला, तर भरपाई मालकाच्याच खिशातून जाते.